एक्सबॉक्स ३६० चा ट्रे अडकतोय? ड्राइव्ह बदलायची घाई करू नका

ताई, तुमच्या एक्सबॉक्स ३६० चा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचा, ट्रे अडकतो म्हणून ड्राइव्ह (डिस्क वाचणारा आतला भाग) बदलू नका. आधी दुकानदाराला फोन करून तसं सांगा. मशीन त्याच्याकडे ठेवलं असेल तर मूळ ड्राइव्हसकट परत आणा. जुना ड्राइव्ह हातचा गेला तर त्या मशीनवर गेम चालवणं फार अवघड होऊन बसेल. का, ते खाली सविस्तर सांगतो.

तुमची अडचण मला अशी कळली. मुलाच्या मामाने दुबईहून आणलेला जुन्या घडणीचा पांढरा एक्सबॉक्स ३६०. पाऊस लागल्यापासून माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला. गणपतीला मुंबईहून भावंडं येणार म्हणून खाली काढला, तर बटण दाबल्यावर आतून घुर्र आवाज येतो आणि ट्रे जागचा हलत नाही. वरून थाप मारली की कधीतरी उघडतो. दुकानदार म्हणतो ड्राइव्ह गेला, दुसरा टाकून देतो.

या सगळ्यात तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य सर्वांत मोलाचं आहे: "आत सीडी असली तर बरेचदा उघडतो, रिकामा असला की अडकतो." एवढ्यावरून मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो की तुमचा ड्राइव्ह गेलेला नाही. आतला रबरी बेल्ट सैल पडलाय.

ट्रे आत गेला की ड्राइव्हच्या आतला एक पाळणा वर उचलला जातो. त्या पाळण्यावर डिस्क फिरवणारी मोटार आणि लेन्स असते. वरच्या झाकणाला एक गोल चकती असते आणि तिच्यात चुंबक असतो. खालून मोटारीचा माथा आणि वरून ही चकती, अशा दोघांमध्ये डिस्क पकडली जाते. चुंबकाची ओढ असते म्हणूनच डिस्क एवढ्या वेगात फिरूनही सुटत नाही. आता आपण इजेक्ट, म्हणजे ट्रे उघडायचं बटण, दाबतो तेव्हा ट्रे लगेच बाहेर येत नाही. आधी पाळणा खाली उतरावा लागतो, म्हणजे चुंबकाची पकड तोडावी लागते, आणि मगच ट्रे सरकतो. सगळ्यात जास्त जोर या पहिल्या क्षणाला लागतो. हा जोर छोट्या मोटारीकडून गिअरकडे पोचवतो तो एक बारीक रबरी बेल्ट. रबर ताणलं गेलं, गुळगुळीत झालं की मोटार फिरते, बेल्ट पुलीवर (ज्या छोट्या चाकावर तो बसतो त्यावर) नुसता घसरतो. तुमचा घुर्र आवाज तोच.

मग डिस्क असताना का उघडतो? डिस्कची जाडी १.२ मिलिमीटर. ती मध्ये असली की चुंबक आणि मोटारीचा माथा यांच्यात तेवढं अंतर राहतं आणि पकड थोडी ढिली असते. ट्रे रिकामा असला की चकती थेट माथ्यावर बसते, पकड घट्ट होते आणि थकलेल्या बेल्टला ती तोडता येत नाही. थाप मारल्यावर उघडतो तोही धक्क्याने चुंबक सुटतो म्हणून. पण थाप मारणं आजपासून बंद करा. लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते, आणि आत डिस्क फिरत असताना धक्का बसला तर डिस्कवर गोल चर पडतो. तो चर पुसून जात नाही. याच कारणासाठी ३६० चालू असताना आडव्याचा उभा करायचा नसतो.

दुरुस्तीला बसेपर्यंत कामचलाऊ उपाय म्हणून एखादी निकामी सीडी किंवा डीव्हीडी कायम ट्रेमध्ये ठेवून द्या. गेम काढलात की लगेच ती आत घाला. मशीन बंद करतानाही आत राहू द्या. गणपतीचे दिवस एवढ्यावरही निघून जातील.

ट्रे अजिबातच उघडेना, तर मशीन बंद करा, भिंतीतली पिन काढा. समोरची पांढरी पट्टी हाताने निघते. यूएसबीचं छोटं दार उघडून तिथे बोट घालून ओढा. ड्राइव्हच्या तोंडाशी एक बारीक भोक दिसेल. कागदांना लावायची क्लिप सरळ करून ती त्यात आडवीतिडवी न करता सरळ घाला. आत काहीतरी दबल्यासारखं वाटेल आणि ट्रे बोटाला धरता येईल इतका पुढे येईल. मग दोन्ही हातांनी, एकाच बाजूला ओढ न देता, बाहेर काढा. या भोकातून ट्रे सहज आला तर गिअर आणि ट्रेचे दात शाबूत आहेत असं समजा. भोकातून काढतानाही मध्येच अडला तर आत काहीतरी अटकलंय. मग जोर करू नका.

आपल्याकडे कोकणात काय अटकू शकतं याचा अंदाज बाहेरच्यांना येत नाही. कुंभारीण माशी कुठल्याही भोकात मातीचं घर करते, हे आपण विजेच्या सॉकेटमध्ये पाहतोच. ड्राइव्हच्या फटीत तिची माती निघालेली मी पाहिली आहे. मुंग्यांची अंडी, झुरळांची घाण, पालीचं अंडं, सगळं निघतं. लहान मुलं घरात असतील तर नाणं किंवा दुसरी सीडी, एकाखाली एक घातलेली. म्हणून ट्रे बाहेर आला की आधी विजेरी मारून आत बघा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, ट्रेच्या प्रत्येक तक्रारीचं मूळ बेल्टच असतं असं नाही. कान लावा. बटण दाबल्यावर मोटार फिरल्याचा आवाज येतो आणि ट्रे हलत नाही, तर बेल्ट. काहीच आवाज नाही, तर आधी पडद्यावरच्या मेनूत "ओपन ट्रे" निवडून बघा. त्याने उघडला तर ड्राइव्ह ठीक आहे, दोष बटणात आहे. त्यानेही काही हललं नाही तर ड्राइव्हला जाणाऱ्या दोन केबल सैल आहेत का पाहा, मग मोटारीकडे वळा. ट्रे बंद होतो आणि लगेच स्वतःहून परत उघडतो, किंवा पूर्ण उघडून लगेच आत जातो, तर आतला छोटा स्विच मळलाय. ट्रे कुठे पोचला ते मशीनला त्या स्विचवरूनच कळतं. आणि ट्रे झकास उघडतो, बंद होतो, पण डिस्क वाचत नाही, तर तो लेन्सचा विषय आहे. ट्रेच्या मागे लागून उपयोग नाही. मशीनवर लाल दिवा लागला आणि पडद्यावर "ई ६६" असा आकडा आला, तर मशीनला ड्राइव्ह ओळखीचा वाटत नाहीये. कोणीतरी आधी ड्राइव्ह बदललाय का, हे पहिल्यांदा विचारा.

आता उघडण्याविषयी. ३६० मध्ये विजेचा मोठा ठोकळा बाहेर असतो, त्यामुळे पेटीच्या आत घरातला २३० व्होल्टचा प्रवाह येत नाही. तरीही पिन काढून थोडा वेळ थांबा. टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकाचे, टी-१० आणि टी-८ असे दोन स्क्रूड्रायव्हर लागतात. मोबाइल दुरुस्तीच्या संचात ते बहुतेक असतात. बाजूच्या राखाडी जाळ्या काढायच्या, मागच्या बाजूच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या एकेक करून दाबायच्या, मग खालचे लांब स्क्रू. या खिट्ट्यांशी सगळ्यात जास्त वेळ जातो. घाई केली की तुटतात. समोरचं इजेक्टचं बटण हलकेच ओढून काढलं की वरचं कवच उचलता येतं. ड्राइव्ह आत नुसता बसवलेला असतो, मागच्या दोन केबल काढल्या की हातात येतो.

ड्राइव्हच्या पत्र्याच्या झाकणाचे चार स्क्रू काढा. आपल्या हवेत त्यांची डोकी गंजलेली असतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, खाली भरपूर दाब देऊन फिरवा. नाहीतर खाच गोल होते आणि मग दिवसभराचं काम होऊन बसतं. झाकण उघडून, ट्रे बाहेर ओढला की पुढच्या बाजूला मोटारीची छोटी पुली, मोठी पुली आणि त्यांच्यावरचा बेल्ट दिसतो. चिमट्याने काढा, बोटांनी ओढू नका.

बेल्ट निघाल्यावर तो टेबलावर ठेवून बघा. चांगला बेल्ट गोल राहतो. थकलेला बेल्ट पुलीवर होता त्याच लांबट आकारात पडून राहतो आणि बोटाला गुळगुळीत, चकचकीत लागतो. नवा मिळेपर्यंत जुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मग उकळत्या पाण्यात काही मिनिटं टाकून, कोरडा करून बसवता येतो. रबर आक्रसतं आणि काही काळ काम देतं. काही आठवडे, कधी काही महिने. हा इलाज खरा आहे, पण कायमचा नाही.

नव्या बेल्टसाठी शहरात धावायची गरज नाही. चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी, मालवण, कुठल्याही जुन्या बाजारात टेपरेकॉर्डर आणि डीव्हीडी प्लेयर दुरुस्त करणारा एखादा माणूस अजून असतो आणि त्याच्या खणात बेल्टांची पुडी असते. जुना बेल्ट नमुना म्हणून न्या. चौकोनी कापाचा, तेवढ्याच जाडीचा, पण घेराने किंचित लहान घ्या, कारण तुमच्या हातातला बेल्ट ताणलेला आहे. फार लहान घेतलात तर मोटारीवर ताण येतो आणि तिचे बुश (आसाचे आधार) झिजतात. भाजीच्या जुडीचं किंवा केसांचं रबर लावायला कोणी सांगेल, ऐकू नका. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि आपल्या दमट हवेत ते लवकरच चिकट होऊन पुलीला लगदा लावतं. तो लगदा काढणं हे बेल्ट बदलण्यापेक्षा किचकट काम आहे.

चुंबकावर चिकटपट्टी लावून किंवा तो तापवून त्याची ओढ कमी करायची, असाही एक उपाय सांगितला जातो. मी तो करत नाही आणि कुणाला करू देत नाही. पकड कमी झाली की फिरणारी डिस्क घसरते, आणि मग बेल्टच्या चार पैशांसाठी गेमच्या डिस्कचा बळी जातो.

बेल्ट बदलताना पुलीच्या खाचा अल्कोहोलने स्वच्छ करा, नाहीतर नवा बेल्टही घसरेल. जुनं ग्रीस बघा. ते पिवळट, मेणासारखं घट्ट झालं असेल तर कापसाच्या काडीने सगळं काढा, आणि ट्रेच्या रुळांवर, गिअरच्या दातांवर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावा. खोबरेल लावू नका. शिवणयंत्राचं तेल लावू नका. गंज सोडवायचे स्प्रे तर आत मारूच नका. आपल्याकडे घरोघरी पहिला हात खोबरेलाकडे जातो हे मला ठाऊक आहे. कुलूप असो, दाराची बिजागरी असो, खोबरेल चालतं. पण ड्राइव्हमध्ये ते पसरतं, बेल्टवर गेलं की बेल्ट घसरतो, लेन्सवर गेलं की वाचन बंद, आणि थंडीत थिजतं ते वेगळंच. पेट्रोल आणि थिनरही दूर ठेवा, त्याने प्लास्टिकला चिरा जातात.

मोटारीचा संशय असेल तर तिच्या तारा बोर्डापासून (ड्राइव्हच्या सर्किटच्या पट्टीपासून) सोडवून दोन पेन्सिल सेल लावून बघा. न अडखळता फिरली तर मोटार ठीक. अडखळत असेल तर बदला. मोटार बदलल्याने मशीन आणि ड्राइव्हच्या ओळखीला (ती काय, ते पुढे सांगतो) काही धक्का लागत नाही. स्विचसाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि दहा-वीस वेळा हाताने दाबणं पुरतं. चपट्या केबलच्या टोकांवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती मिठाची आणि गंजाची. अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने ती काढा.

ट्रे परत घालताना एक गोष्ट सांभाळा. पुढच्या बाजूला आडवी सरकणारी प्लास्टिकची पट्टी असते, तिची खुंटी ट्रेच्या पोटातल्या खाचेत बसते. पाळणा पूर्ण खाली असताना, म्हणजे पट्टी "ट्रे बाहेर" या स्थितीत असतानाच ट्रे घाला. नाहीतर दात चुकीच्या ठिकाणी अडकतात आणि ट्रे तिरका जातो. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर हे शोधत बसावं लागणार नाही. झाकण उघडं ठेवून मशीन चालू करून लेन्सकडे डोकावू नका, लेसर डोळ्याला घातक आहे.

आता ड्राइव्ह बदलू नका म्हणालो त्याचं कारण. ३६० च्या प्रत्येक ड्राइव्हच्या बोर्डात एक गुप्त किल्ली असते आणि तीच किल्ली त्या मशीनच्या मदरबोर्डकडे (मुख्य बोर्डाकडे) नोंदलेली असते. सुरू झाल्यावर दोघं एकमेकांची ओळख पटवतात. कॉपी केलेले गेम चालू नयेत म्हणून ही व्यवस्था केली होती. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह, तोच मॉडेल, तीच कंपनी, नुसता लावला तर ट्रे सुरेख उघडेल, सिनेमाची डीव्हीडीही चालेल, पण गेम चालणार नाही. दुकानदार सिनेमा लावून दाखवेल, तुम्ही पैसे द्याल, आणि घरी आल्यावर मुलगा रडेल. दुकानदार खोटारडा असतो असं मी म्हणत नाही. संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह सहज बदलता येतो, त्या सवयीने तो हे करतो. पण दरम्यान तुमचा जुना ड्राइव्ह भंगारात गेला तर त्यातली किल्लीही गेली.

यांत्रिक भाग खरोखरच तुटला असेल, दात झडले असतील, तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा जुना ड्राइव्ह मिळवा आणि त्याच्या सांगाड्यावर तुमचा मूळ बोर्ड चढवून घ्या. काही मॉडेलमध्ये दोनचार तारांचं सोल्डरिंग लागतं. टीव्हीची दुरुस्ती करणारा कुठलाही सराईत हात ते करू शकतो, फक्त त्याला "बोर्ड आमचाच राहिला पाहिजे" हे आधी स्पष्ट सांगा. पांढऱ्या ३६० मध्ये हिताची, तोशिबा-सॅमसंग, बेनक्यू आणि लाइट-ऑन अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह येत. एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या सांगाड्यावर चालत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, असं वाटेल. ३६० चं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं आणि त्याचं ऑनलाइन गेमचं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. पूर्वी विकत घेतलेलं परत उतरवता येतं, पण त्या दुकानातून नवीन काही घेता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला नवा गेम हवा असेल तर तो बहुधा डिस्कवरच मिळणार. ट्रे गेला तर तो रस्ताही बंद.

ट्रे नीट झाला की मुलाच्या आवडीचे गेम हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करून घ्या. ही सोय पार २००८ च्या अपडेटपासून आहे. एक गेम साधारण ६ ते ७ जीबी जागा घेतो. खेळताना डिस्क आत ठेवावीच लागते, पण ती सतत फिरत नाही, आवाज आणि झीज दोन्ही कमी होतात.

इतर गेम मशीनचं सांगायचं तर, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ३ ची बहुतेक मॉडेलं यांना ट्रे नसतो, डिस्क फटीतून ओढली जाते. तिथे बेल्टऐवजी रबरी रूळ मळतात. प्लेस्टेशन ४ मध्ये अडकलेली डिस्क हाताने काढायला एक स्क्रू दिलेला असतो. पण बोर्ड आणि मदरबोर्डचं नातं तिथेही असंच आहे, तेव्हा मूळ बोर्ड जपायचा नियम तिथेही पाळा. जुन्या जाड प्लेस्टेशन २ ला ट्रे आहे आणि असं कुलूप नाही. मात्र त्याचा वीजपुरवठा पेटीच्या आतच असतो, म्हणून तो उघडताना जास्त सावध राहा.

शेवटी पावसाळ्याचं बोलतो, कारण तुमच्या बेल्टचं आयुष्य माळ्यावर घटलंय. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की धातूवर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही रोजचीच गोष्ट. प्लास्टिकची पिशवी बांधली की आतला ओलावा आतच कोंडतो. पिशवी नको. सुती कापड झाका, समुद्राच्या खिडकीपासून आणि जमिनीपासून उंच ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. चपलांच्या खोक्यातल्याही चालतात, अधूनमधून उन्हात किंवा चुलीच्या उबेला वाळवून घ्या. तांदळाच्या डब्यात मशीन ठेवू नका, कोंडा आत जातो. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, दोनतीनदा ट्रे उघडझाक करा. मशीनच्या स्वतःच्या उष्णतेने आतला ओलावा जातो आणि बेल्ट एकाच जागी ताणून राहत नाही. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र पिन काढलेलीच बरी.

तुमचा ड्राइव्ह बाहेर निघाला की झाकणावरच्या लेबलचा आणि बेल्टचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, पाठवा. कुठल्या मापाचा बेल्ट मागायचा ते बघून सांगतो.